न प्यायलेलं सूप

‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ हा वॉल्ट डिस्नेचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला असतो. तो पाहिला नसला, तरी हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट लहानपणी कानावरून गेलेली असतेच. या चित्रपटात एक जागा अशी आहे, की तिथे कथेचा एक टाका निसटलेला दिसतो. चुलीवर सूप रटरटतं आहे. हात धुतल्याशिवाय कुणालाही वाढणार नाही, असा हिमगौरीने दम भरला आहे. मग बुटक्यांच्या हात-तोंड धुण्याचा लांबलचक आणि अतिशय गमतीदार प्रसंग येतो. कुरकुऱ्या ग्रम्पीला बाकीचे धरून पाण्यात बुचकळतात, डोपी साबण गिळून बसतो आणि आतून जेवणाची हाक येते. इथे चित्र बदलतं आणि आपण थेट दुष्ट राणीच्या आरशासमोर जाऊन पोचतो. पुन्हा बुटक्यांच्या घरी येतो, तेव्हा तिथे गाणं-बजावणं आणि नाच रंगात आलेला असतो. मग जेवण झालं कधी? ते सूप कोण प्यायलं?

जुन्या चित्रपटांतून गाळलेल्या भागांचा माग काढण्याचा नाद मला बरीच वर्षं आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर त्या नादातल्या सर्वांत समाधानकारक उत्तरांपैकी एक आहे. सूप पिण्याचा तो प्रसंग होता. त्याचं गाणं रचलेलं होतं, संवाद ध्वनिमुद्रित झालेले होते आणि तो संपूर्ण प्रसंग हाताने चितारून हालता-बोलता करण्यात आला होता. १९३७ च्या २१ डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा मात्र तो प्रसंग त्यात नव्हता. तो नष्टही झालेला नव्हता. आज तो पाहता येतो, पण पेन्सिलीच्या रेषांत.

या लेखाचा विषय तेवढ्यापुरता सूप हा आहे. खरा विषय असा की, एखाद्या थोर कलाकृतीच्या घडणीतलं काय उरतं, काय जातं आणि हे कोण ठरवतं. ‘हरवलेली दृश्यं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एखाद्या तळघरातलं धूळ खात पडलेलं रीळ येतं. कार्टूनपटाच्या बाबतीत ही कल्पना फारशी उपयोगाची नाही. तिथे हरवण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. त्या समजण्यासाठी असा चित्रपट त्या काळी कसा तयार होई, ते आधी थोडक्यात पाहायला हवं.

१९३४ मध्ये डिस्नेने आपल्या चित्रकारांना एका संध्याकाळी स्टुडिओत बोलावलं आणि हिमगौरीची सगळी गोष्ट एकट्याने, प्रत्येक पात्राचा अभिनय करून सांगितली. तिथून पुढे तीन वर्षं काम चाललं. आधी कथेची टिपणं झाली. मग प्रसंगांची छोटी-छोटी रेखाटनं भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने टाचली जात आणि त्यांच्यासमोर बसून चर्चा होई. या बैठकांत लघुलेखक बसलेले असत आणि बोलला गेलेला शब्द न् शब्द टिपून घेत. मग संवाद आणि गाणी ध्वनिमुद्रित होत. त्यानंतर चित्रकार कागदावर पेन्सिलीने पात्रांच्या हालचाली काढत. मुख्य चित्रकार मोक्याच्या मुद्रा काढी, मधल्या मुद्रा त्याचे साहाय्यक भरत. ही कच्ची चित्रं कॅमेऱ्याखाली धरून त्यांची चाचणी-फिल्म घेतली जाई आणि एका कोंदट खोलीत ती पडद्यावर पाहिली जाई. त्या खोलीला स्टुडिओत ‘स्वेटबॉक्स’ म्हणत, म्हणजे घाम काढणारी पेटी. घाम उकाड्याने फुटे, तितकाच डिस्ने काय म्हणतो या धास्तीने.

स्वेटबॉक्समध्ये पसंत पडलेली चित्रं मग रंगविभागात जात. तिथे ती ‘सेल’ नावाच्या पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर शाईने उतरवली जात, तावाच्या मागच्या बाजूने रंग भरले जात आणि ते ताव रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून अखेरचं चित्रीकरण होई. एका सेकंदाला २४ चौकटी, एका मिनिटाला १,४४०. ८३ मिनिटांच्या या चित्रपटाच्या चौकटी सुमारे १ लाख २० हजार भरतात, आणि बहुतेक चौकटीत एकाहून अधिक ताव एकावर एक ठेवलेले असत.

शाई आणि रंग हा या सगळ्या साखळीतला अतिशय खर्चीक आणि वेळखाऊ टप्पा. म्हणून काय ठेवायचं आणि काय गाळायचं, याचा निर्णय होता होईल तो पेन्सिलीच्या टप्प्यावरच घेतला जाई. जिवंत नटांच्या चित्रपटात दिग्दर्शक जास्तीचं चित्रीकरण करून ठेवतो आणि संकलक नंतर ते कापतो. कापलेला तुकडाही दिसायला पुऱ्या चित्रपटासारखाच असतो. कार्टूनपटात कात्री आधी चालते, रंग नंतर येतो. म्हणून गाळलेली दृश्यं बहुधा रंगाविनाच असतात. ती अपुरी राहिलेली नसतात. त्यांना त्या टप्प्यावर अडवलेलं असतं.

हे ध्यानात घेतलं, की ‘स्नो व्हाइट’च्या न वापरलेल्या साहित्याचे तीन थर वेगळे दिसू लागतात.

पहिला थर नुसत्या शब्दांचा आणि रेखाटनांचा. ९ ऑगस्ट १९३४ या तारखेचं २१ पानांचं एक टिपण आहे. स्टुडिओतल्या रिचर्ड क्रीडन यांनी त्यात कथेसाठी नाना सूचना करून ठेवल्या आहेत. ग्रिमबंधूंच्या मूळ कथेत बुटक्यांना नावं नाहीत. डिस्नेला प्रत्येकाला स्वतंत्र स्वभाव द्यायचा होता आणि स्वभावाआधी नाव हवं होतं. त्यामुळे पन्नासेक नावांचा विचार झाला. जम्पी, डेफी, विझी, बाल्डी, गॅबी, स्टफी, शॉर्टी, अगदी ढेकर देणारा बर्पीसुद्धा त्यांत होता. आपल्या घरी बारशाआधी नावांच्या याद्या होतात, तशीच ही यादी. राणीही सुरुवातीला निराळी होती: जाडजूड, काहीशी वेडगळ, स्वतःवरच खूश असलेली, हसू यावं अशी. तीच पुढे थंड, देखणी आणि भयंकर झाली. राजपुत्राला राणी कैद करते, तळघरात डांबते, त्याच्यासमोर हाडांचे सापळे नाचवते आणि तो तिथून निसटतो, असाही एक मोठा प्रसंग योजलेला होता. त्याची रेखाटनं झाली, पण तो चितारून हलता झालाच नाही. माणसांच्या, आणि विशेषतः राजपुत्राच्या, हालचाली खऱ्या वाटाव्यात इतक्या सफाईने काढणं चित्रकारांना त्या वेळी जड जात होतं. म्हणून राजपुत्राची भूमिका आवळत आवळत सुरुवातीला एक गाणं आणि शेवटी एक चुंबन इथवर आली. कैदेतल्या राजपुत्राची कल्पना मात्र वाया गेली नाही. १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त ती परत आली.

दुसरा थर गाण्यांचा. ‘यू आर नेव्हर टू ओल्ड टू बी यंग’ नावाचं एक गाणं बुटक्यांच्या मैफलीसाठी तयार होतं. त्याच्या जागी दुसरं गाणं आलं, आणि तेच आपण चित्रपटात ऐकतो. ‘म्युझिक इन युअर सूप’ हे दुसरं गळालेलं गाणं. नावच सांगतं की सुपाचे भुरके हाच त्याचा ताल आहे.

तिसरा थर चितारून, चाचणी होऊन गाळलेल्या प्रसंगांचा. यात दोन प्रसंग महत्त्वाचे. एक हा सुपाचा. दुसऱ्यात बुटके हिमगौरीला भेट काय द्यावी यावर गंभीरपणे सभा भरवतात आणि मग रानातल्या पशुपक्ष्यांच्या मदतीने तिच्यासाठी एक पलंग बनवतात. हे दोन्ही प्रसंग मुख्यतः एकाच चित्रकाराच्या हातचे होते, वॉर्ड किंबॉलच्या.

किंबॉलचा जन्म १९१४ चा. १९३४ मध्ये तो स्टुडिओत आला आणि हे काम करत होता तेव्हा त्याचं वय बावीस-तेवीस वर्षांचं होतं. विनोदाची त्याची जाण विलक्षण होती. सुपाच्या प्रसंगावर त्याने महिनोन् महिने काम केलं. मी हा प्रसंग अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी पहिल्या काही क्षणांनंतर रंग नसल्याचं विसरून जातो. सात बुटके मेजाभोवती बसले आहेत आणि सात तऱ्हांनी भुरके मारत आहेत. हिमगौरी त्यांना सभ्यपणे कसं खावं ते शिकवू पाहते, आणि डोपी चमचाच गिळतो. मग तो बाहेर काढण्याची धांदल उडते. रेषा किंचित थरथरतात, काही ठिकाणी आधीच्या रेषेवर दुसरी रेष चढलेली दिसते, एखाद्या हाताची जागा शोधताना पेन्सील कुठे कुठे फिरली तेही कळतं. तयार चित्रपटात शाईच्या एकसारख्या रेषेखाली हे सगळं झाकलं जातं. इथे चित्रकाराचा हात उघडा दिसतो.

मग इतका चांगला प्रसंग डिस्नेने गाळला कशासाठी? तो वाईट होता म्हणून खचितच नाही. तो प्रसंग मनातल्या मनात चित्रपटात बसवून पाहिला, की कारण दिसतं. हात धुण्याचा विनोदी प्रसंग, त्यानंतर सूप पिण्याचा, मग नाचगाण्याचा, असे तीन विनोदी प्रसंग पाठोपाठ आले असते. तेवढ्या वेळात प्रेक्षक राणीला विसरून गेला असता. आता चित्रपटात काय होतं पाहा. हात धुवून होतात न होतात तोच राणीला कळतं, की डबीतलं काळीज हिमगौरीचं नसून डुकराचं आहे. ती तळघरात उतरते, विषारी काढे उकळते आणि म्हातारीचं रूप घेते. मगच आपण बुटक्यांच्या नाचाकडे वळतो, आणि आता त्या नाचाकडे पाहताना आपल्या पोटात थोडी भीती असते. तो नाच गोड वाटतो, कारण तो संपणार आहे हे आपल्याला ठाऊक असतं. सूप मध्ये आलं असतं, तर ही भीती पातळ झाली असती. पलंगाचंही तेच. गोष्ट सफरचंदाकडे धाव घेत असताना सुतारकामाला वेळ नव्हता. माझ्या मते डिस्नेचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, आणि किंबॉलचं दुःखही तितकंच खरं होतं. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे संपादकाच्या हाताखालून गेलेल्या कोणत्याही लेखकाला सांगायला नको.

किंबॉल इतका खचला, की स्टुडिओ सोडण्याच्या विचाराने तो डिस्नेकडे गेला. डिस्नेने त्याच्यापुढे पुढच्या ‘पिनोकिओ’मधल्या जिमिनी क्रिकेट या पात्राचं काम ठेवलं आणि किंबॉल खुशीत बाहेर आला. ‘स्नो व्हाइट’मध्ये त्याच्या हातचं म्हणून जे उरलं, त्यात म्हातारीच्या मागावर असलेली ती दोन गिधाडं आहेत. ती पडद्यावर थोडाच वेळ दिसतात, पण ज्याने पाहिली तो विसरत नाही.

आता दुसरी बाजू. जे गाळलं गेलं ते कागदावर राहिलं. जे निवडलं गेलं त्याचं काय झालं?

निवडलेली चित्रं सेलवर गेली. सेल हे त्या काळी नायट्रेटचे ताव असत. ते महाग होते, आणि चित्रीकरण झालं की रंग धुऊन तोच ताव पुन्हा वापरायचा, अशी कार्टून स्टुडिओंतली रीत होती. पाटी पुसून नवा हिशेब मांडावा, तसा हा प्रकार. चित्रपट हाच माल. सेल हे त्याचं पोतं. ‘स्नो व्हाइट’च्या यशानंतर १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्वाझिए गॅलरीमार्फत निवडक सेल विकायला सुरुवात झाली. विक्रीसाठी त्यांपैकी अनेक कापून-छाटून घेतले गेले आणि कित्येकांच्या मागे चित्रपटात नसलेली नवी पार्श्वभूमी लावली गेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहातही ‘स्नो व्हाइट’चं एक चित्र गेलं. ते निघालं गिधाडांचं! ज्याचं महिनोन् महिन्यांचं काम पडद्यावर आलं नाही, त्या किंबॉलची गिधाडं थेट संग्रहालयात जाऊन बसली.

म्हणजे ८३ मिनिटांत आपण जे पाहतो, त्यातल्या बहुसंख्य चित्रांची मूळ रूपं आज अस्तित्वातच नाहीत. ती ज्या तावांवर होती ते धुतले गेले, फेकले गेले किंवा विखुरले गेले. उरले त्यांनाही रसायनशास्त्र सोडत नाही. नायट्रेटचा ताव पिवळा पडतो, आक्रसतो, वेडावाकडा होतो आणि त्याच्या मागचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागतो. लॉस एंजेलिसची गेटी संवर्धन संस्था डिस्नेच्या संग्रहाबरोबर याच दुखण्यावर काम करत आली आहे. साधा कागद आणि साधी पेन्सील यांना असलं दुखणं नाही. टाकलेलं टिकलं आणि निवडलेलं विरघळलं, असा हा उलटा न्याय आहे.

या धुतल्या गेलेल्या तावांबरोबर आणखीही काही पुसलं गेलं, आणि ते मला अधिक टोचतं. शाई आणि रंगाचं काम बहुतांशी तरुण स्त्रिया करत. पेन्सिलीच्या रेषेतला जीव न घालवता ती शाईत उतरवायची, हजारो तावांवर एकच छटा कायम राखायची, हिमगौरीच्या गालांवरची लाली चौकटीगणिक इकडची तिकडे सरकू द्यायची नाही, हे सगळं त्यांचं कसब. त्या विभागाच्या प्रमुख हेझल स्यूएल यांचं नाव श्रेयनामावलीत आहे, पण त्यांच्या हाताखालच्या असंख्य जणींची नावं नाहीत. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या मुलींना स्टुडिओ त्या काळी कळवत असे, की कल्पक काम फक्त तरुण पुरुषांकडे असतं, मुलींसाठी शाई आणि रंग आहे. हिमगौरीला आवाज देणाऱ्या अड्रियाना कॅसेलोटी यांचं नाव मूळ चित्रपटात नाही. चित्रकारांना हिमगौरीच्या हालचाली समजाव्यात म्हणून कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष नाचून-वावरून दाखवणाऱ्या मार्जोरी बेल्चर, ज्या पुढे मार्ज चॅम्पियन म्हणून नर्तकी झाल्या, यांचंही नाही. हिमगौरीचा आवाज, तिची चाल आणि तिच्या गालांचा रंग, तिन्ही स्त्रियांचे आणि तिन्ही निनावी. हरवलेल्या साहित्याची यादी करताना ही नावं त्यात धरली पाहिजेत, असं मला वाटतं.

गाळलेला कागद टिकला तो कसा? यामागे कुणाची कलाभक्ती होती असं समजण्याचं कारण नाही. स्टुडिओला जुनी चित्रं कामाला लागत. एखाद्या पात्राची मान कशी वळते, हरिणाचं पाडस कसं उठतं, हे नव्या चित्रकाराने जुन्या कागदांवरून पाहावं म्हणून ते जपून ठेवले जात. या साठ्याला स्टुडिओत चेष्टेने ‘शवागार’ म्हणत. आज त्याचंच मोठं संशोधन-संग्रहालय झालं आहे आणि त्यातल्या वस्तूंची संख्या सहा कोटींच्या वर सांगितली जाते. बैठकांची लघुलेखकांनी घेतलेली टिपणंही कामाचा भाग म्हणून जपली गेली, आणि जे. बी. कॉफमन यांच्यासारख्या इतिहासकारांना त्यांतूनच या चित्रपटाची घडण दिवसागणिक मांडता आली. काटकसर आणि व्यवहार यांनी इथे इतिहासाचं भलं केलं.

व्यवहार पुढेही चालू राहिला. ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी डिस्नेने आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘द प्लॉझिबल इम्पॉसिबल’ या भागात सुपाचा प्रसंग पहिल्यांदा लोकांसमोर आणला, पेन्सिलीच्या रूपातच. १९ वर्षांनी बुटके जेवले. १९९३ मध्ये सबंध चित्रपट चौकटीगणिक संगणकात घेऊन साफ करण्यात आला. अशा प्रकारे अथपासून इतिपर्यंत संगणकावर नीट केलेला हा पहिला चित्रपट. त्यानंतरच्या घरगुती आवृत्त्यांतून सूप आणि पलंग दोन्ही प्रसंग लोकांच्या हाती आले. २००९ च्या आवृत्तीत तर ‘स्नो व्हाइट रिटर्न्स’ नावाच्या एका कधीच न बनलेल्या लघुपटाची रेखाटनं पुढे आली. बुटक्यांकडे हिमगौरी पाहुणी म्हणून परत येते, अशी त्याची कल्पना होती, आणि गाळलेले सूप व पलंग हे दोन्ही प्रसंग त्यात खपवण्याचा बेत दिसतो. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरातल्यांना हा बेत लगेच कळेल.

ज्या १९५६ मध्ये अमेरिकेत सूप दाखवलं गेलं, त्याच वर्षी या कथेचा एक धागा मुंबईत येऊन पोचला. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनपटांचा विभाग उभा करण्यासाठी अमेरिकी तांत्रिक साहाय्याखाली क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार आले. ते डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले, ‘स्नो व्हाइट’च्या चमूतलेच. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखलं गेलं. जातककथेवरचा ‘द बनियन डीअर’ हा १९५७ चा चित्रपट या शिक्षणाचं पहिलं फळ. आधी पेन्सील, मग चाचणी, मग शाई-रंग ही शिस्त अशा रीतीने मुंबईत रुजली.

पण ॲनिमेशन आपल्याकडे त्याआधीच, आणि आपल्याच माणसाच्या हातून अवतरलं होतं. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेत टिपली. या ‘अंकुराची वाढ’ने त्यांना पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळवून दिलं. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. काड्यापेटीतल्या काड्या किंचित किंचित हलवत, दर वेळी एक चौकट घेत केलेला हा चित्रपट. डिस्नेने हिमगौरीची गोष्ट सांगितली त्याच्या १९ वर्षं आधीचा. १९३४ मध्ये, म्हणजे ती गोष्ट सांगितली गेली त्याच वर्षी, पुण्यात ‘प्रभात’ने ‘जंबू काका’ हा कार्टूनपट काढला होता. आपण उशिरा जागे झालो, असं म्हणायला जागा नाही.

‘अंकुराची वाढ’ आज नाही. ‘आगकाड्यांची मौज’ही नाही. त्यातल्या काड्या तेव्हाच कुणीतरी चूल पेटवायला वापरल्या असतील. एकेका हालचालीचा क्रम फाळक्यांनी एखाद्या वहीत मांडला असेल, तर ती वहीही नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ लांबी सुमारे ३,७०० फूट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे त्यातली १,४७५ फूट फिल्म आली. तीही १९१३ च्या मूळ चित्रपटाची, की फाळक्यांनी १९१७ मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात ‘प्रभात’च्या जुन्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती जळाल्या. काहींच्या नकला आधीच काढलेल्या होत्या, म्हणून ते चित्रपट वाचले.

‘त्यांनी जपलं, आपण घालवलं’ असं रडगाणं मला इथे गायचं नाही. डिस्नेच्या स्टुडिओनेही सेल धुतले आणि स्त्रियांची नावं वगळली. मुद्दा निराळा आहे. संग्रह करायला आपण जेव्हा कधी निघतो, तेव्हा तयार वस्तूच्या मागे लागतो: चित्रपटाची प्रत, छापलेलं पुस्तक, टांगलेलं चित्र. कच्चा कागद आपल्या लेखी रद्दी असतो. ‘स्नो व्हाइट’चा अनुभव सांगतो, की तयार वस्तू आपली काळजी थोडीफार स्वतः घेते. ती लोकांना हवी असते, तिच्या नकला निघतात. कच्च्या कागदाला मात्र कुणीतरी हेतुपुरस्सर जागा द्यावी लागते. आणि एखादी कृती अशीच का झाली, वेगळी का झाली नाही, हे तोच कागद सांगतो. सूप नसतं, तर डिस्नेने किती अचूक जागी कात्री लावली, ते मला कळलंच नसतं.

मुंबईत गेल्या साठ-सत्तर वर्षांत जाहिराती, शैक्षणिक पट, मालिका यांच्यासाठी हजारो तास हाताने चित्रं काढणारी मंडळी होऊन गेली. काही अजून आपल्यात आहेत. दादर-गिरगाव-पार्ल्याच्या घरांत, माळ्यावरच्या ट्रंकांत, भोकं पाडलेल्या कागदांचे गठ्ठे असतात. दिवाळीच्या साफसफाईत ते खाली येतात आणि रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. हा अंक हाती पडेपर्यंत यंदाची साफसफाई बहुधा उरकलेली असेल. तरी अशा एखाद्या गठ्ठ्यावर नाव आणि साल घालून तो परत ट्रंकेत ठेवायला पाच मिनिटं लागतात, आणि ज्याच्या हातचा तो कागद आहे तो माणूस समोर असेल, तर शेजारी कुणी बसलं होतं, शाई कुणी केली, रंग कुणी भरला, हे विचारून लिहून ठेवायला आणखी पाच.